डबल कोणी दिली?

सुज्ञ वाचकहो, पुढील लेखनामध्ये मी एका घंटीची आणि तिला बांधलेल्या दोरीची हकीकत आपणांसमोर सादर करणार आहे. ही हकीकत करमणुकीची नाही. मध्ये कोठे हसू आले तर खुशाल हसावे, आम्हीही हसलो होतो. परंतु ते हसू शेवटपर्यंत पुरत नाही, इतके आरंभीच सांगून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. रस्त्यावर माणसे मरतात ती बेफाम वेगानेच मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. आमची गाडी त्या दिवशी माणूस चालतो तेवढ्याच वेगाने चालली होती.

मी प्रवासी गाडीवर वाहक आहे. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनाची गोडी सुटली नाही. रद्दीत सापडलेले पुस्तकसुद्धा मी पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचून काढतो. त्यामुळे माझ्या बोलण्यात जड शब्द येतात आणि गाडीतले लोक मला 'ग्रंथराज' म्हणतात. "ग्रंथराज, पुढं सरकायला सांगा की लोकांना!" असे कोणी म्हणाले की मी "कृपया अग्रभागी सरकावे" असे म्हणतो. लोक हसतात, पण सरकतात. जड शब्दाला वजन असते हे मला तेव्हापासून माहीत आहे, आणि त्या वजनाचा मी पुढे काय उपयोग केला तेही मी सांगणारच आहे.

त्याच गाडीवर माझे सासरे चालक होते. मी त्यांना मामा म्हणतो. इतर सर्वजण त्यांना 'पाळणा' म्हणत, कारण त्यांच्या गाडीत उभ्या माणसालाही डुलकी लागे. त्यांनी गिअर बदललेला कानाला कळे, पाठीला कळत नसे. थांब्यावर आधी दुसरी गाडी आली तरी काही म्हाताऱ्या तिला सोडून देत. "जाऊ दे गं ती, आपण पाळण्यातून जाऊ. कंबर तरी वाचेल," असे एकमेकींना सांगत. उभ्या नोकरीत मामांच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. त्यांनी मला आधी शब्द टाकून नोकरी मिळवून दिली, मग मुलगी दिली, आणि दोन्ही वेळा ते एकच शब्द बोलले: "सांभाळा."

आता घंटीविषयी. आमच्या गाडीत छताखालून एक दोरी मागपासून पुढपर्यंत जाते आणि तिच्या टोकाला, चालकाच्या डोक्याशी, पितळी घंटी असते. एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले म्हणजे चला. दोन टोल्यांना आम्ही 'डबल' म्हणतो. उतरायचे असेल तर प्रवाशालाही दोरी ओढता येते, पण एकदाच; डबल देण्याचा अधिकार केवळ वाहकाचा. अर्थात हा अधिकार कागदावरचा. गाडी खोळंबली की एखादा गमत्या प्रवासी दोनदा दोरी ओढतोच, चालक आरशात बघून डोळे वटारतो, आणि सगळे हसतात. कोणत्याही गाडीत त्याने काही बिघडत नाही, कारण डबल मिळाली तरी चालक स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता पाहूनच गाडी हलवतो.

मामांचे डोळे मात्र त्या सुमारास डबलवर चालू लागले होते.

त्यांना काचबिंदू झाला होता. हा आजार मोठा कपटी आहे. समोरचे त्यांना लख्ख दिसे. आगारातल्या नेत्रतपासणीत त्यांनी तक्त्यावरची सर्वांत खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचून दाखवली होती, आणि त्यात काडीचीही लबाडी नव्हती. परंतु दोन्ही बाजूंनी कोणी पडदे ओढत आणावेत तशी त्यांची नजर कडेने मिटत चालली होती. घरात ते उघड्या कपाटाच्या दाराला थडकत. शेजारी ठेवलेला पेला त्यांच्या कोपराने सांडे. "वय झालं," असे म्हणून ते स्वतःच फडके आणून पुसत.

खाजगी डॉक्टरांकडे मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही, आजोबा. थेंब नीट घातलेत तर उरलेली टिकेल. गाडी मात्र आजपासून बंद."

जिन्यात मामा कठड्याला धरून थांबले. खाली रस्ता वाहत होता, तिकडे पाहत म्हणाले, "समोरचं दिसतंय ना मला? मग झालं तर. रस्ता काय समोरच असतो."

"मामा, डॉक्टरांचे मत असे आहे की..."

"जावईबापू, सुरक्षा सप्ताहात माझा सत्कार आहे. फलकावर नाव रंगवून झालंय. विनाअपघात चालक. तो एकदा पार पडू द्या, मी आपण होऊन साहेबांना सांगतो. तोवर कडेचं तुम्ही बघा." आणि मग तोच शब्द, "सांभाळा."

मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. मी "बरे" असे काहीसे पुटपुटलो आणि त्यांच्या पुढे दोन पायऱ्या उतरून उभा राहिलो, म्हणजे त्यांचा हात माझ्या खांद्यावर टेकेल. आमची पुढची सगळी व्यवस्था त्या जिन्यातच ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक चौकात मी पुढच्या दाराच्या पायरीवर उभा राहून दोन्हीकडे पाहावे, आणि मगच दोरी ओढावी. मी डबल दिली की मामा गाडी सोडत. नाही दिली की गाडी हलत नसे. लोक म्हणत, "काय पण जोडी! सासरा-जावई असावेत तर असे. एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नाही." हे ऐकताना माझ्या कानांच्या पाळ्या तापत, पण मी नम्रपणे मान लववीत असे.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट मानपत्राची. सत्काराचे मानपत्र लिहिण्याचे काम साहेबांनी माझ्याकडेच सोपवले होते. आगारात भाषा म्हटली की माझेच नाव निघते. मी ते मन लावून लिहिले आणि एका दुपारी, गाडी उभी असताना, मामांना वाचून दाखवले. "ज्यांच्या गरुडासम तीक्ष्ण दृष्टीने असंख्य प्रवाशांचे प्राण सुरक्षित राखिले," इथवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तेवढा गरुड काढा हो."

"मामा, तो अलंकार आहे."

"असू दे. काढा."

मी काढतो म्हणालो, पण काढला नाही. वाक्य चांगले जमले होते.

आता त्या दिवसाकडे येतो. बाजाराच्या चौकात आमचा थांबा आहे. माझी पत्नी, म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, तेथे आम्हा दोघांचा डबा घेऊन येत असे. दाराच्या बाजूने यायचे, गाडीच्या तोंडासमोरून पलीकडे जायचे, आणि चालकाच्या खिडकीतून डबा आत द्यायचा, हा तिचा जुना परिपाठ. येताना ती हात वर करी. बापाला काय झाले आहे हे तिला आम्ही सांगितले नव्हते.

त्या दिवशी मी दारात नव्हतो. मागच्या बाकावर एका गृहस्थाने गुंडाळलेली गादी आणली होती आणि तिच्यावरून रण माजले होते.

"गादीचं तिकीट काढलंय का?" शेजारचे आजोबा विचारीत होते.

"गादी माझ्या मांडीवर आहे. तुमच्या डोक्यावर ठेवली का?"

"अर्धी माझ्या मांडीवर आलीय!"

"मग अर्धं तिकीट तुम्ही काढा!"

मी मध्ये पडलो. "सदर वस्तू उभी करून ठेवावी," असे सांगून गादी उभी करू लागलो, तर ती उलगडली आणि तीन माणसांवर पडली. सगळी गाडी हसू लागली. पुढे, दोरीखाली, गळ्यात मोजपट्टी अडकवलेला आमचा रोजचा प्रवासी शिंपी उभा होता. तो मोठ्याने ओरडला, "अहो ग्रंथराज, गादीवर मग लोळा! आधी गाडी सोडा. तिकडं माझी गिऱ्हाइकं उघडी बसलीत!" लोक आणखी हसले. त्या हास्याच्या भरात त्याने हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली.

टण् टण्.

गाडी हलली.

मी मान वर केली. सगळ्या डोक्यांवरून, पुढच्या काचेतून, मला फक्त एक वर केलेला हात दिसला. बांगड्या ओळखीच्या होत्या. मी ओरडलो. ग्रंथराज म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून त्या वेळी एकही शब्द निघाला नाही; नुसता आवाज निघाला, गुरे हंबरतात तसा. तेवढ्यात पुढच्या पत्र्यावर बाहेरून कोणीतरी उघड्या हाताने जोरात थापटले, त्या आवाजासरशी मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. उभे होते ते सगळे एकमेकांवर आपटले. मामांच्या गाडीत असा धक्का कोणी कधी खाल्ला नव्हता.

मी लोकांना ढकलीत खाली उतरलो. ती रस्त्यावर बसली होती. कोपर सोलवटले होते, लुगड्याचा काठ फाटला होता, आणि तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर चाक होते. चाकाखाली डबा होता. त्याचा अगदी पापड झाला होता.

मामाही उतरून आले. आपल्या मुलीकडे पाहण्यासाठी त्यांना सगळी मान वळवावी लागली, हे त्या घोळक्यात बहुधा मलाच कळले.

ती म्हणाली, "बाबा, मी हात केला होता."

"मला डबल मिळाली होती," मामा म्हणाले. "मला डबल मिळाली होती गं."

दारातून शिंपी पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला, "ती मी दिली. मी आपली गंमत केली." मग थोडे थांबून, एखाद्या मुलाने विचारावे तसे, "पण मामा, तुम्ही बघितलं नाहीत का?"

वाचकहो, त्या प्रश्नानंतर जी शांतता पसरली तिच्यात खरे बोलायला पुरेशी जागा होती. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "ब्रेक वेळेवर लागला नाही की काय?" आणि बुडत्याने काडी धरावी तशी मी ती काडी धरली. ताठ उभा राहून म्हणालो, "होय. ब्रेकमध्ये तांत्रिक बिघाड उद्भवला आहे. प्रवाशांनी कृपया अन्य गाडीने प्रस्थान करावे." सर्वांचा विश्वास बसला. 'उद्भवला' आणि 'प्रस्थान' म्हणणारा माणूस खोटे कशाला बोलेल? केवळ एका व्यक्तीचा विश्वास बसला नाही. ती खाली रस्त्यावर बसून माझ्याकडे पाहत होती.

घरी तिने संध्याकाळी एका हाताने स्वयंपाक केला. दुसऱ्या कोपराला पट्टी होती. आम्हा दोघांना वाढले आणि स्वतः उंबऱ्याशी बसून राहिली. मामा ताटाच्या मधोमधचे तेवढे जेवत होते. कडेची वाटी त्यांना दिसत नव्हती. तिने उठून ती वाटी ताटाच्या मध्ये सरकवली.

"कधीपासून?" तिने विचारले.

मामा म्हणाले, "काय कधीपासून?"

"बाबा, मला वेड्यात काढू नका. वाटी दिसत नाही तुम्हाला. मी दिसले नाही."

मामांनी घास खाली ठेवला. मग सगळे सांगितले: डॉक्टर, थेंब, जिना, डबल. स्वतःच्या मुलीसमोर ते एखाद्या गुन्हेगारासारखे खाली मान घालून बोलत होते, आणि मी मात्र पाणी पीत होतो, कारण पेला तोंडाला असेपर्यंत माणसाला बोलावे लागत नाही.

शेवटी मामा हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाले, "जाऊ दे पोरी. डबा नवा घेऊ."

"आणि मला नवी कुठून आणाल?"

मी पेला ठेवला. "अगं, झालेला प्रकार अत्यंत दुर्दैवी आहे, परंतु ब्रेकमधील..."

"पुस्तकातलं बोलू नका!" ती माझ्यावर कडाडली. "ब्रेक लागला म्हणून मी इथं बसलेय. नसता लागला तर भिंतीवर असते, फोटोत. बाबांचे डोळे गेले, त्यांचा काय दोष? पण तुमचे दोन्ही धड आहेत ना? ते कुठं ठेवले होते?"

मी पुन्हा पेला उचलला, तर तो रिकामा होता.

मामा हळूच म्हणाले, "त्यांना बोलू नकोस. मीच गळ घातली. आणि आता एकदम घरी बसलो तर ती कबुलीच झाली की. उद्याच साहेब विचारतील, काल धक्का आणि आज रजा? एवढा समारंभ होऊ दे. सगळं आयुष्य या गाडीवर गेलं माझं. त्या फलकावरून नाव पुसताना लोक बघतील गं." त्यांचा आवाज फुटला. "जावईबापू पुन्हा दारातून हलणार नाहीत. हो ना?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. नाही म्हणायचे तर समोर तो माणूस होता, ज्याने मला नोकरी दिली, घर दिले, आणि ही बाई दिली. हो म्हणायचे तर समोर ही बाई होती. मी ताटाकडे पाहिले.

ती उठली. ताटे गोळा करता करता म्हणाली, "ठीक आहे. मग उद्या डबा घेऊन येऊ की नको, तेवढं सांगा. म्हणजे कुठल्या बाजूनं यायचं ते ठरवते."

त्या घरात भांडी घासण्याचा आवाज तेवढा होत राहिला.

सकाळी आगारात गेलो तर आमची गाडी फलाटाला लागली होती आणि तिच्या चाकाशी मिस्त्री बसला होता. गाड्यांची दुरुस्ती त्याच्याकडे असते. वयाने माझ्याएवढाच, कमी बोलणारा माणूस. त्याचे डोळे तांबारले होते आणि हात कोपरापर्यंत काळे. मामा आधीच आपल्या आसनावर चढून बसले होते; मिस्त्री पुढच्या दाराच्या बाजूला होता, म्हणजे त्यांच्या मिटलेल्या कडेला.

मला पाहून मिस्त्री उठला. "भाऊ, सगळं उघडून बघितलं. ड्रम, लायनिंग, पाइप. कुठं थेंबभर गळती नाही. परत जोडलं, परत उघडलं. ब्रेक ठणठणीत आहे. मग वेळेवर लागला कसा नाही?"

मी म्हणालो, "यंत्र आहे. कधी कधी..."

"यंत्र बिचारं आपणहून चुकत नाही. माझ्याच हातून काही राहिलं असणार. मागच्या वेळी मीच बसवलं होतं ना." तो हाताला हात चोळू लागला. डाग निघत नव्हते, फक्त जागा बदलत होते. "साहेबांना सांगितलंय मी, चूक माझी लिहा म्हणून. वहिनींना फार लागलं नाही ना? बघायला येणार होतो. दाराशी येऊन परत गेलो. म्हटलं, तोंड कसं दाखवायचं?"

मी बरेच ग्रंथ वाचले आहेत, परंतु शरमेने पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, हे मला त्या फलाटावर समजले. माझ्या खोट्याने एका निर्दोष माणसाला आपल्याच हातांवर संशय घ्यायला लावले होते. आणि तरीही मी काय म्हणालो? "चिंता नसावी." एवढेच म्हणालो आणि गाडीत चढलो.

प्रवासी बसून झाले. शिंपीही होता, पण आज तो दोरीपासून लांब, खिडकीशी जाऊन बसला होता. मामांनी इंजिन सुरू केले. आरशातून त्यांचे डोळे मला दिसत होते. ते माझ्याकडे नव्हे, सरळ काचेतून समोर पाहत होते. आणि त्यांचे कान, मला माहीत होते, घंटीकडे होते.

मी पायरीवरून दोन्हीकडे पाहिले. रस्ता मोकळा होता. एकही माणूस आडवा नव्हता. डबल न देण्याचे कोणतेही कारण त्या रस्त्यावर नव्हते.

मी दोरी धरली आणि एकदा ओढली.

टण्.

"जावईबापू," मामा मागे न वळता म्हणाले, "गाडी उभीच आहे. एक कशाला?"

मागून कोणीतरी ओरडले, "ग्रंथराज, एक म्हणजे थांबा! धडा विसरलात काय?" दोघेतिघे हसले.

माझ्या घशात एक मोठे वाक्य तयार होते. त्यात 'कर्तव्य' होते, 'मनुष्यजीवन' होते, आणि 'क्षमस्व'ही होते. ते बाहेर पडेना. मी पुन्हा एकदा दोरी ओढली. एकच टोला.

हसणारे थांबले. मामांचा हात गिअरच्या दांड्यावर होता. त्या हाताच्या शिरा मला स्पष्ट दिसत होत्या. तो हात दांड्यावरच राहिला आणि मी दोरी सोडली नाही. मी मनात म्हणत होतो, रागवा, मला शिव्या द्या, दांडा ओढा, काहीही करा, पण माझ्याकडे पाहू नका. त्यांनी पाहिले नाही. त्यांनी इंजिन बंद केले.

मग ते आपल्या बाजूचे दार उघडून उतरू लागले. पायरी त्यांच्या पायाला सापडेना. मी खाली उडी मारून गाडीला वळसा घातला आणि त्या जिन्यातल्यासारखाच खांदा पुढे केला. त्यांनी क्षणभर तो नको असल्यासारखा हात आखडला, आणि मग ठेवला. फार जड ठेवला.

"मिस्त्री कुठं आहे?" त्यांनी विचारले.

"हा इथंच आहे मी, मामा," मिस्त्री पुढे येऊन म्हणाला.

मामांनी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिले. "ब्रेक ठीक आहे रे. काल लागला होता, चांगला लागला होता. पोरगी वाचली ती तुझ्या ब्रेकमुळं. मला ती दिसली नाही. कडेचं दिसत नाही मला."

खिडक्यांतून सगळी गाडी बाहेर डोकावत होती. मीही सगळ्यांच्या देखत सांगितले, "बिघाडाचं मी खोटं बोललो." माझ्या आयुष्यातले हे बहुधा सर्वांत लहान भाषण होते. मिस्त्री आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसता "बरं," म्हणाला, खिशातून चिंधी काढली आणि हात पुसत निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरते बोलतो. 'भाऊ' म्हणत नाही.

मामा माझ्या खांद्यावर हात ठेवूनच साहेबांच्या खोलीपर्यंत चालत गेले. दाराशी त्यांनी हात काढून घेतला. "आत मी एकटा जातो," म्हणाले. "समोरचं दिसतं मला."

नंतरचे थोडक्यात सांगतो. मला गाडीवरून उतरवण्यात आले. आता आगाराच्या फाटकाशी, गाड्या मागे घेताना चालकांना शिटी वाजवून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. साहेब हे काम देताना म्हणाले, "इथं तरी जागेवरून हलू नका." मी हलत नाही. फलकावरचे मामांचे नाव पुसून दुसऱ्या चालकाचे रंगवले गेले. मानपत्र मात्र साहेबांनी तेच ठेवले. "चांगलं लिहिलंय. नाव तेवढं बदला," म्हणाले. मी मामांना भीत भीत विचारले, की आता त्या वाक्याचे काय करू. ते खाटेवर डोळ्यांत थेंब घालून घेत होते. मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आता गरुड राहू द्या. त्याचे डोळे चांगले आहेत." माझी पत्नी थेंबांची बाटली धरून हसली, आणि मग तोंड फिरवून आत गेली.

सत्काराला मामा आले होते. पाहुण्यांच्या रांगेत नव्हे, मागे, आमच्यात बसले. नवा चालक हार घालून व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. लोकांनी वळून पाहिले. त्यांना ते वळणे दिसले नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतो. शिंपी आमच्याच रांगेत होता. कार्यक्रम संपल्यावर तो मामांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, त्या दिवसापासून मी उतरायचं असलं तरी दोरी ओढत नाही. हाका मारतो. दोनदा थांबा चुकला माझा."

"ओढत जा रे," मामा म्हणाले. "एक ओढायला हरकत नाही."

डॉक्टरांकडे अजूनही मीच त्यांना नेतो. वाटेत तोच बाजाराचा चौक लागतो. मी त्यांचा दंड धरून कडेला उभा राहतो, दोन्हीकडे पाहतो, आणि म्हणतो, "चला मामा." ते लगेच पाऊल टाकीत नाहीत. समोर पाहत विचारतात,

"डबल कोणी दिली? तुम्ही, की शिंप्यानं?"

ही त्यांची थट्टा आहे हे मला कळते. शेजारी उभे असलेले लोकही कधी कधी हसतात, त्यांना अर्थ कळत नसला तरी. पण वाचकहो, दर वेळी माझी मान खाली जाते. आणि मग ती वर करून मी आणखी एकदा, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, सावकाश पाहतो. पाहून झाल्याशिवाय मी त्यांना उत्तर देत नाही.

इतके लांबलेले लेखन आपण आपला अमूल्य वेळ खर्चून वाचले, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. यात काही शब्द नको तितके जड झाले असतील, तर ते उचलून कडेला ठेवावेत आणि रस्ता मोकळा दिसतो का ते पाहावे.

आपला नम्र,
ग्रंथराज,
पूर्वीचा वाहक, सध्या फाटकावर